काचेच्या आतल्या बाजूने

१४ जानेवारी

प्रिय धाकटे,

पत्र माझं आहे, अक्षर तुझ्या वहिनीचं. माझा उजवा हात सध्या माझं ऐकत नाही. खांद्याला टांगलेल्या ओल्या कोटासारखा लोंबतो. डॉक्टर म्हणतात, अर्धांगाचा झटका मोठा नव्हता. त्यांना नव्हता आला, म्हणून. पाय चालतोय, जीभ सुटली आहे, हात तेवढा मागे राहिला. (जीभ पहिल्याच आठवड्यात सुटली. दवाखान्यातल्या सगळ्यांनी ऐकली. - वहिनी)

मी सांगेन तेवढंच तिने लिहायचं असं आमचं ठरलं आहे. (असं काही ठरलेलं नाही.)

या शहरातल्या निम्म्या दुकानांच्या कपाळावर माझं अक्षर आहे, आणि परवा बँकेत मी अंगठा उठवून आलो. व्यायाम घ्यायला एक बाई येतात. येताना पिशवीभर रबरी चेंडू आणतात, म्हणून मी त्यांना चेंडूवाल्या बाई म्हणतो. त्यांचं म्हणणं, उजवा यायचा तेव्हा येईल, तोवर डाव्याला कामाला लावा. चहा ढवळा, बटणं लावा, आलेलं टपाल डाव्या हाताने फोडा. म्हणजे पत्ता कोणाचाही असो, या घरातलं पाकीट आता मीच फोडतो. (वाटेल तसं फाडतात. गेल्या आठवड्यात विजेचं बिल दोन तुकड्यांत मिळालं.)

मुद्द्याचं बोलतो. इतकी वर्षं तू दुसऱ्यांच्या दुकानांत मान मोडून शिवलंस. आता स्वतःचं दुकान काढते आहेस. त्याची पाटी मी करायची हे कधीचं ठरलं आहे, आणि त्यात बदल नाही. दुकान कधी उघडतं आहेस ते कळव. तोवर मी तयार असेन.

तुझा,
दादा

(आज पहिल्यांदा पूर्ण कप न सांडता चहा प्याले. हे त्यांनी सांगितलेलं नाही.)


२७ जानेवारी

प्रिय दादा,

वहिनीचे कंस वाचून हसले, आणि मग उगाच डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या चहाचा कप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दुकानाचं विचारशील तर सुतार अजून फळ्याच ठोकतोय. उद्या येतो म्हणाला की परवा दुपारी उगवतो. भिंतींचा रंगही ओला आहे. तेव्हा तुला हवा तेवढा वेळ आहे, अगदी आरामात कर.

नाव मात्र बदलावं म्हणते. 'मनाजोगतं' जरा लांबच होतं. नुसतं 'टाका' कसं वाटतं? छोटं, सुटसुटीत.

आणि हे बघ, चिडचिड करू नकोस. मी मशीन शिकायला गेले तेव्हा बाईंनी कित्येक दिवस सुईत दोराच घालू दिला नव्हता. वहीचा रेघांचा कागद मशीनखाली धरायचा आणि रेघेवरून नुसती भोकं पाडत जायचं. मी घरी येऊन रडायचे, तू मला चिडवायचास, "आज किती कागद शिवलेस?" आता मी विचारते, आज किती चेंडू दाबलेस?

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

'टाका'? दोन अक्षरं आणि दोन काने? पाटीवाल्याची दया येऊन दुकानाचं नाव ठेवायचं नसतं. उद्या माझा घसा बसला तर तू बहिरी होशील का? 'मनाजोगतं' हेच नाव. त्यात 'ज' आहे, त्याचं पोट नीट गोल यावं लागतं. 'ग' आहे, त्याचे दोन दांडे एकमेकांकडे बघत उभे राहावे लागतात. शेवटी डोक्यावर अनुस्वार आहे, तो चुकला तर सगळी पाटी चुकली. असलं नाव करण्यात मजा आहे. (पंधरा मिनिटं यावरच बोलत होते. मी थोडक्यात लिहिलं आहे.)

मी मुळाक्षरांपासून नाही, त्याच्याही आधीपासून सुरुवात केली आहे. वर्तमानपत्र आडवं धरलं की त्याचे रकाने म्हणजे आयत्या ओळी. त्या ओळींत नुसत्या उभ्या रेघा ओढायच्या. आमच्या उस्तादांनी मला असंच बसवलं होतं. तेव्हा मी कोवळा होतो, आता पिकलो आहे, रेघ मात्र तशीच वाकडी येते. (घरात वाचायला एक बातमी शिल्लक नाही. सगळ्या जगावर काळ्या रेघा.)

खालच्या दोन ओळी माझ्या डाव्या हाताच्या आहेत. वहिनीला बघू दिल्या नाहीत, पाकीटही मीच चिकटवलं. पहिलं वाचन तुझं.

दादा


१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझ्या नावाने पाठवते आहे. दादाला दाखवू नकोस.

त्याने खाली ज्या दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या मला वाचताच येत नाहीत. अक्षर वाईट असतं तर मला काही वाटलं नसतं. पण ती अक्षरंच नाहीत गं. रेघा चांगल्या जाड, सारख्या, वर शिरोरेषा ओढलेली, आणि खाली काहीतरी तिसऱ्याच भाषेतलं. अर्धा दिवस कागद समोर धरून बसले होते. मला भीती वाटते, हाताबरोबर डोक्यालाही काही झालेलं नाही ना? डॉक्टरांना एकदा विचार. त्याला कळू न देता विचार.

आणि तुझ्यापासून लपवत नाही, दुकान पहिल्या तारखेलाच उघडलं. जागेचं भाडं चालू झालं, थांबणं शक्यच नव्हतं. मी दादाला पत्र लिहिलं तेव्हाच सुतार काम संपवून गेलेला होता. दर्शनी काचेवर मी पुठ्ठा लावला आहे, त्यावर मार्करने 'येथे कपडे शिवून मिळतील' लिहिलं आहे. दादाला सांगितलं तर तो घाई करेल, म्हणून त्याला सुतार सांगितला. आता मध्येच उठते, कोटाचं माप द्यायला कुणी आलं आहे.

धाकटी


२६ फेब्रुवारी

वन्संबाई,

'वन्संबाई' म्हटलं म्हणजे मी रागावले आहे हे ओळखलं असशील. या घरातलं टपाल कोण फोडतं हे तुला पहिल्याच पत्रात कळवलं होतं. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून काय झालं? चेंडूवाल्या बाईंचा हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी फोडलं, आणि उभ्या उभ्या वाचलं.

आधी डोक्याचं सांगते. त्या दोन ओळी घे आणि आरशासमोर धर. नीट वाचता येतील. मी त्यांना तेच पुन्हा लिहायला लावलं तेव्हा कळलं, डाव्या हाताने ते सगळं उलटं लिहून गेले, शेवटाकडून सुरुवातीकडे. चेंडूवाल्या बाई म्हणाल्या, अशा आजारात हे होतं, घाबरायचं कारण नाही. मी तुझ्या दादांना विचारलं, "अहो, आयुष्यभर अक्षरं काढलीत, उलटी आहेत हे दिसलं कसं नाही?" तर म्हणाले, "मी वाचत कुठे होतो? जाडी सारखी येते का ते बघत होतो." काय बोलायचं अशा माणसापुढे! पेंटरने पाटी वाचायची नसते म्हणे, ते काम रस्त्यावरच्या लोकांचं.

यावर आम्ही दोघं हसलो. पण तुझ्या पत्राचा दुसरा भाग वाचून ते हसले नाहीत. "पुठ्ठा" एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मार्करने." मग माळ्यावरचा पत्रा काढायला लावला, घासायला बसले, आणि आज त्याला पांढरा हात दिला आहे. उद्या अक्षरं आखणार आहेत. मी म्हटलं, अजून कागदावर 'म' धड येत नाही. तर म्हणाले, "तिचं दुकान उघडं आहे."

मला हे बरं दिसत नाही.

वहिनी


२० मार्च

प्रिय धाकटे,

हे पत्र सगळं माझंच आहे. सांगणाऱ्याने सांगणं बंद केलं आहे.

पत्रा वाया गेला. आखणी चांगली झाली होती, पट्टी मी धरली होती. पण ब्रश लागला आणि सगळं फिसकटलं. ते म्हणतात, ब्रश ओढायचा असतो, ढकलायचा नसतो. उजव्या हाताने डावीकडून उजवीकडे जाताना तो आपसूक ओढला जातो. डावा हात त्याच दिशेला जायला लागला की ब्रश ढकलला जातो, केस फाकतात, रेघ दुभंगते. तरी ओढत राहिले. 'मना' पर्यंत गेले. मग चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि सगळं पुसून टाकलं. पांढऱ्यावर काळा, सगळा पत्रा राखेच्या रंगाचा झाला.

ब्रश धुतले. एकेक ब्रश कागदात गुंडाळला, जसे लांबच्या कामाला जाताना गुंडाळायचे, आणि ट्रंकेत ठेवून दिले. चेंडूवाल्या बाईंना दारातूनच म्हणाले, "आता नका येऊ." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला आणि म्हटलं, "तुम्ही येत राहा, मला व्यायाम शिकवा." आता त्या येतात, मी बैठकीत चेंडू दाबत बसते आणि ते पेपरमागे लपतात.

तूच काहीतरी लिही. माझं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले आहेत.

वहिनी


३० मार्च

दादा,

हे पाकीट तुझ्याच नावाचं आहे, फोड खुशाल.

मी तुला सुतार सांगितला, चूक झाली. तुला वेळ मिळावा म्हणून केलं, आणि त्यानेच तुझी घाई झाली. आता खरं तेवढंच लिहिते.

मला घाई आहे. घाई नाही असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. उन्हाने पुठ्ठ्याची कड वळली आहे. समोरच्या इमारतीतल्या बाई इस्त्रीचे कपडे घेऊन आल्या, त्यांना वाटलं ही लाँड्री आहे. कोपऱ्यावरचा छापील बोर्डवाला जाता येता विचारतो, "ताई, तासाभरात करून देतो, रंग तुम्ही निवडा." एकदा मी हो म्हणायच्या बेतात होते. त्याने नमुना दाखवला. अक्षरं चांगली होती रे. पण ती कुणाचीच नव्हती.

तेव्हा मी ठरवलं, पुठ्ठा राहील. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मला जे हवं आहे ते मिळायला वेळ लागणार आहे, एवढंच. चांगल्या लोकरीचा कोट मी कुणाला दोन दिवसांत देत नाही. कापड आधी भिजवते, वाळवते, मग कापते, कच्च्या दोऱ्याने जोडते, अंगावर घालून बघते, पुन्हा उसवते. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी म्हणते, दोन दिवसांतला हवा असेल तर पलीकडे मिळेल. तुझ्यासाठी वेगळा कायदा का करू?

तू पत्रा बिघडवलास कारण तुझा हात अजून कागदाला भोकं पाडायच्या पायरीवर होता. मी असते तर म्हटलं असतं, सुईतला दोरा काढ. वहिनीने चेंडू दाबून दाबून हात कमावला तर उद्या पाटी ती करेल, आणि तू कंसात लिहीत बसशील.

मला दर महिन्याला एक पान पाठव. रेघांचं. दुसरं काही नको, खुशालीही नको.

धाकटी


६ जुलै

प्रिय धाकटे,

एप्रिलचं पान, मेचं पान, जूनचं पान मिळालं असेल. पोच तू दिली नाहीस, बरं केलंस. आज पानाबरोबर बोलायलाही काही आहे, म्हणून तुझ्या वहिनीला पुन्हा कामावर घेतलं आहे. (बिनपगारी.)

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. मग चेंडूवाल्या बाई आल्या तेव्हा मला आधीच चेंडू घेऊन बसलेला पाहून त्या काही बोलल्या नाहीत. शहाणी बाई आहे. (मी बोलले.) रोज सकाळी रेघा, दुपारी वाटोळी, असं चाललं. आता अक्षरं सुलटी येतात, लिहितो तेव्हा. कमी दमतो. पण ब्रश हातात घेतला की तीच रड. डावीकडून उजवीकडे तो फाकतोच.

गेल्या महिन्यात बाईंनी खिडक्यांच्या काचा पुसायचा व्यायाम दिला. साबण लावायचा आणि डाव्या हाताने मोठी वर्तुळं काढायची. पुसता पुसता साबणात बोटाने 'म' काढला. हाताने आपल्या मर्जीने काढला, उजवीकडून डावीकडे, उलटा. मी पुसणार तेवढ्यात बाहेर कपडे वाळत घालणारी तुझी वहिनी म्हणाली, "अहो, 'म' छान आलाय." ती बाहेरून बघत होती. तिच्या बाजूने तो सुलटा होता.

तुला काचेच्या कामाचं ठाऊक आहे का? दुकानाच्या काचेवरचं नाव आतल्या बाजूने रंगवतात, म्हणजे पाऊस लागत नाही, हात लागत नाही. आतून रंगवायचं म्हणजे उलटं रंगवायचं. मी ती कामं आयुष्यभर टाळली. उजव्या हाताला ते फार जड जायचं, ब्रश ढकलला जायचा. डाव्याला मात्र ती त्याची वाट आहे. उजवीकडून डावीकडे तो ब्रश ओढतो.

लगेच उड्या मारू नकोस. दिशा सापडली, हात अजून यायचा आहे. सुताराकडून, खऱ्या सुताराकडून, जुन्या खिडकीचं एक तावदान आणलं आहे. त्यावर रोज एकच अक्षर काढतो आणि पुसतो. 'म'ला अजून कंप आहे. 'ज' तर विचारूच नकोस. वर्षअखेरीपर्यंत वेळ दे. तुझ्या काचेची लांबीरुंदी पाठव.

दादा

(मागच्या वेळी पुसताना चिंधी आपटायचे. आता पुसून झालं की पुढचं पान उलटल्यासारखे स्वस्थ असतात. वन्सं, माझी मोठी काळजी गेली.)


१६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

दादा काचेच्या कामाला सुखरूप पोचला. तू डब्यात घातलेलं सगळं खाल्लं, स्वेटर घालतो, गोळ्या घेतो, आणि बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश आहे. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

रोज एक अक्षर. त्याहून जास्त नाही. सकाळी येतो, खुर्ची काचेपाशी ओढतो, हात टेकवायची काठी लावतो, आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलत नाही. मी पलीकडे मशीन चालवते, तर म्हणतो, "जरा थांब, फरशी हादरते." माझ्याच दुकानात मला मशीन चालवायची चोरी! मग मी काजं-बटणं काढून बसते.

पहिल्या दिवशी शिरोरेषा आणि 'म'. दुसऱ्या दिवशी 'ना'. आता मजा ऐक. समोर बसचा थांबा आहे ना, तिथली मंडळी रोज बघतात. त्यांना काचेमागे एक म्हातारा दिसतो आणि त्याच्यापुढे अक्षरं उगवताना दिसतात. तिसऱ्या दिवशी 'जो' झाला तेव्हा थांब्यावर वाद सुरू झाला. बँकेतल्या एक बाई आत येऊन म्हणाल्या, "पुढे काय आहे ते सांगू नका हं, फक्त एवढं सांगा, नाव माणसाचं आहे का?" मी म्हटलं, नाही. त्या जिंकल्यासारख्या बाहेर गेल्या. त्यांच्यामागे दोघे आले, ते विचारायला आले होते आणि जाताना पँटची मापं देऊन गेले. छापील बोर्डवालाही आला. बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, एवढ्या वेळात मी रस्ता भरून बोर्ड केले असते." दादा मान न वळवता म्हणाला, "मग इथे उभा का आहेस?" तो हसला, गेला नाही.

'ग'च्या दिवशी गडबड झाली. दुसरा दांडा तिरका गेला. मला तो टर्पेंटाइनचा पत्रा आठवला, जो मी पाहिलेलाही नाही. त्याने चिंधी उचलली. फक्त तो दांडा पुसला, ब्रश धुतला, आणि म्हणाला, "आज एवढंच. चल, चहा घेऊ." थांब्यावरच्या लोकांनी त्या दिवशी अर्धा 'ग' पाहिला. दुसऱ्या दिवशी तो पुरा झाला.

काल 'तं'. अनुस्वाराला त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. मग आम्ही दोघं रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभे राहिलो. मी नाव दोनदा मोठ्याने वाचलं. तो मात्र डोळे बारीक करून म्हणाला, "'ज' जरा पोटात ढिला आहे." बँकेतल्या बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "असू द्या हो, आम्हाला चालेल." जणू काही पाटी त्यांचीच आहे.

पुठ्ठा मी काढला. तिथली काच धुवायला हवी होती, ती त्याने धुतली.

तुझी,
धाकटी


२ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र मी लिहितो. डावा हात. सुलटं आहे, तपासून घेतलं.

वाक्यं लहान आहेत. हात दमतो. वहिनी शेजारी बसली आहे. तिला कंस घालायला जागा नाही, म्हणून हळहळते.

तुझ्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. त्यांना दाराच्या काचेवर नाव हवं आहे. तुझी काच बघून विचारलं. तासाभरात करून देणारे बरेच आहेत, असं मी त्यांना कळवलं. मला मात्र उन्हाळा उजाडेल. तोवर तावदानावर त्यांच्या नावाचा सराव करावा लागेल. त्यात दोन जोडाक्षरं आहेत. जोडाक्षरं मी अजून डाव्या हाताने काढलेली नाहीत. हे सगळं स्पष्ट लिहिलं.

काल त्यांचं उत्तर आलं. एकच ओळ होती.

ते थांबतो म्हणाले.

दादा